सायक्लिनचा चढउतार : पेशीचक्राच्या संगणकी मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आज मॅडमशी बोलून विषय पक्का केला. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही चार नावं आणि चार चित्रं दहावी-अकरावीच्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. कांद्याच्या मुळाची स्लाइड करून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेलीही असतात. पण पेशी एका चित्रातून पुढच्या चित्रात जाते ती कशामुळे, हे त्या चित्रांतून कळत नाही. ते कळतं विकरांच्या सक्रियतेवरून. एक कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारा विकर, चढतो, त्यामुळे पेशी विभाजनात शिरते; तो उतरतो, तेव्हा ती बाहेर पडते. हा चढउतार पडद्यावर आलेखाच्या रूपात दाखवायचा, आणि मुलांना आकडे बदलून तो मोडून बघता आला पाहिजे, असं ठरलं.

मॉडेल म्हणून ब्रुसेल्सच्या आल्बेर गोल्डबेटर यांनी १९९१ साली मांडलेली तीन समीकरणं घेते आहे. यापेक्षा मोठी, पन्नास-पन्नास घटकांची मॉडेल्स उपलब्ध आहेत. पण तीन घटक मुलांना डोक्यात धरता येतात, आणि कोणता आकडा बदलल्यावर काय बिघडलं हे बोट ठेवून दाखवता येतं. मॅडमनाही हेच पटलं.

८ जानेवारी

समीकरणांना हात लावण्याआधी त्यांच्यामागची जीवशास्त्राची गोष्ट सलग लिहून काढली. माहितीफलकाचा मजकूर यातूनच होईल.

१९७१ मध्ये योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी बेडकाच्या पक्व अंड्यातला पेशीद्रव अपक्व अंडपेशीत टोचला. ती पेशी कोणत्याही संप्रेरकाशिवाय पक्व होऊ लागली, म्हणजे विभाजनाच्या वाटेला लागली. पक्व पेशीद्रवात काहीतरी ‘चालना देणारं’ होतं. त्याआधी वर्षभर पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी हीला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी, एकमेकींत मिसळून हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं. विभाजन पावणारी पेशी दुसऱ्या कुठल्याही टप्प्यातल्या पेशीशी जोडली, की त्या दुसरीची गुणसूत्रं वेळेआधीच आकसू लागत. मूळचे भारतातले राव यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. फलकावर ते मोठ्या अक्षरांत येणार.

टिम हंट यांचा प्रयोग १९८२ चा, अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेतला. समुद्री साळिंदराची (सी अर्चिनची) फलित अंडी आणि नव्या प्रथिनांवर खूण करणारं किरणोत्सारी मेथिओनिन हे अमिनो आम्ल. जेलवर बहुतेक प्रथिनांच्या पट्ट्या वेळेबरोबर गडद होत गेल्या, पण एक पट्टी गडद होऊन विभाजनाच्या सुमारास अचानक नाहीशी व्हायची, आणि पुन्हा उगवायची. तेच सायक्लिन. पेशी इतक्या खर्चाने एखादं प्रथिन बनवते आणि दर फेरीला नष्ट करते, ही कल्पनाच त्या काळी विचित्र होती.

तिसरा धागा यीस्टचा. लेलंड हार्टवेल यांनी विभाजनाच्या ठराविक टप्प्यावर अडकणारी यीस्टची उत्परिवर्तित वाणं शोधली. पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये सीडीसी-टू हे एका कायनेजचं जनुक धरलं. ते बिघडलं तर पेशी विभाजनात शिरत नाही. पण त्यातल्याच वेगळ्या प्रकारच्या बदलाने ती लहान असतानाच, वेळेआधी विभागते. म्हणजे वेग याच्याच हातात. १९८७ मध्ये नर्स आणि मेलनी ली यांनी मानवी जनुकांचा संग्रह बिघडलेल्या यीस्टमध्ये घातला, आणि एका मानवी जनुकाने ते यीस्ट तगवलं. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा काळ उलटला, तरी हा विकर एकमेकांच्या जागी चालतो!

१९८८ मध्ये मॅनफ्रेड लोका, मरियान हेज आणि जेम्स मॅलर यांनी मासुईंचा तो ‘चालना देणारा’ पदार्थ शुद्ध केला, आणि लवकरच कळलं की त्यातला एक भाग नर्स यांचा कायनेज आहे आणि दुसरा हंट यांचं सायक्लिन. बेडूक, साळिंदर आणि यीस्ट यांवर काम करणारी माणसं एकाच रेणूपाशी येऊन भेटली. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. मासुई त्यात नव्हते, आणि मला ते अजूनही खटकतं.

१३ जानेवारी

समीकरणं पायथनमध्ये लिहिली. तीन राशी अशा:

सायक्लिन मिनिटाला ०.०२५ मायक्रोमोलर या ठराविक दराने बनतं. ते नष्ट होण्याच्या वाटा दोन. एक आपोआपची, अगदी मंद. दुसरी विघटक विकराची, म्हणजे प्रथिनांचे तुकडे पाडणाऱ्या यंत्रणेची. ती चालू झाली की सायक्लिन झपाट्याने संपतं.

कायनेजचा सक्रिय भाग ० ते १ यांमध्ये फिरतो. सायक्लिन जितकं जास्त, तितका तो सक्रिय होण्याचा वेग जास्त, पण हा वेग मिनिटाला ३ या कमाल मर्यादेपलीकडे जात नाही. त्याला निष्क्रिय करणारा विकर १.५ या ठराविक वेगाने उलट दिशेला ओढत असतो. खऱ्या पेशीत हे काम वी-वन नावाचा कायनेज करतो. तो सीडीके-वनच्या (आपल्या गोष्टीतला मुख्य कायनेज तो हाच) पंधराव्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतो आणि त्याला गप्प करतो. सीडीसी-ट्वेंटीफाइव्ह हा विकर तो फॉस्फेट काढून त्याला मोकळा करतो. फॉस्फेट लागला की विकर चालू, असं मुलं धरून चालतात. इथे नेमकं उलट आहे, आणि फलकावर ते स्पष्ट यायला हवं.

तिसरी राशी विघटकाची. त्याला सक्रिय करतो तो कायनेज स्वतः. म्हणजे कायनेज आपल्याच साथीदाराचा, सायक्लिनचा, नाश घडवून आणतो. सगळ्या चक्राचं मर्म या एका दुव्यात आहे.

गणनेची पायरी ०.००१ मिनिट ठेवली. यातल्या मायकेलिस स्थिरांकांची (विकर किती कमी द्रव्यावर पूर्ण वेगाला पोचतो ते सांगणाऱ्या आकड्यांची) किंमत ०.००५ इतकी लहान आहे, त्यामुळे कायनेज ० किंवा १ च्या जवळ असताना बदल फार वेगाने होतात. पायरी मोठी घेतली तर उत्तर थरथरू लागतं. शंभर मिनिटांसाठी एक लाख पायऱ्या होतात, पण साध्या लॅपटॉपवरही त्या क्षणात संपतात.

१४ जानेवारी

पहिला आलेख आला, आणि मी तो बराच वेळ नुसता बघत राहिले. सायक्लिन सावकाश, जवळपास सरळ रेषेत चढत जातं. वीसेक मिनिटं कायनेज जमिनीलाच चिकटलेला. सायक्लिन ०.५ च्या पुढे जरासं सरकतं, आणि कायनेज एकदम उसळतो. त्याच्यामागून विघटक उसळतो, सायक्लिन कोसळतं, कायनेज खाली येतो, त्याच्यापाठोपाठ विघटकही. पुन्हा पहिल्यापासून. एक फेरी अर्ध्या तासाच्या जवळपास. बेडकाच्या भ्रूणात पहिल्या विभाजनानंतरच्या फेऱ्याही साधारण अर्ध्या तासाच्याच असतात.

०.५ हा आकडा कुठून आला हे कागदावर काढता येतं. सक्रिय होण्याचा वेग ३ गुणिले सायक्लिन भागिले (०.५ अधिक सायक्लिन). तो १.५ ला गाठतो तेव्हा सायक्लिन बरोबर ०.५. विघटकाचंही तसंच: कायनेज अर्ध्याहून जास्त सक्रिय झाला की तो चालू होतो. दोन उंबरठे, एकामागे एक. विभाजनाच्या अवस्थांचा क्रम या उंबरठ्यांमधून येतो.

१७ जानेवारी

आज मुद्दाम उंबरठे बोथट केले. चारही मायकेलिस स्थिरांक ०.००५ वरून १० केले. बाकी एकही आकडा बदलला नाही. चक्र एकदोन हेलकावे खाऊन थांबलं. सायक्लिन खालच्या पातळीवर, कायनेज अर्धवट, विघटक अर्धवट, आणि मग काहीच होत नाही.

या नोंदीवर थोडं रेंगाळते, कारण प्रकल्पातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ऋण फीडबॅक, म्हणजे परिणामाने स्वतःच्याच कारणाला दाबणं, असला की दोलन होणारच, असं अनेकजण गृहीत धरतात. ते खरं नाही. कायनेज विघटकाला चालू करतो आणि विघटक सायक्लिनला संपवतो, एवढ्याने फक्त समतोल साधला जातो. दोलनासाठी प्रतिसाद तीव्र लागतो: उंबरठ्याखाली जवळजवळ शून्य, उंबरठ्यावर जवळजवळ पूर्ण. गोल्डबेटर आणि डॅनिएल कोशलँड यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं, की एकमेकांविरुद्ध काम करणारे दोन विकर जर आपल्या द्रव्याने पूर्ण भरलेले असतील, म्हणजे जास्तीत जास्त वेगाने चालत असतील, तर त्यांच्या वेगातल्या थोड्याशा फरकाने सगळं पारडं एका बाजूला झुकतं. १९९१ च्या मॉडेलमध्ये दहा वर्षांपूर्वीचा तोच विचार वापरला आहे.

पेशीच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. गुणसूत्रं अर्धी आकसलेली आणि केंद्रकाचं आवरण अर्धं फाटलेलं, अशा अवस्थेत पेशी टिकली तर ती मरेल किंवा बिघडेल. कायनेजने अर्धवट राहता कामा नये.

२४ जानेवारी

विघटकाचा सायक्लिनवरचा परिणाम शून्य केला. सायक्लिन चढतच गेलं, २.५ च्या दिशेने. कायनेज एकदा उसळला आणि वरच राहिला. विघटकही चालू, पण त्याला सायक्लिन तोडता येत नाही.

अँड्र्यू मरे आणि मार्क कर्शनर यांनी १९८९ मध्ये हेच परीक्षानळीत केलं होतं. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातले सगळे संदेशवाहक आरएनए आधी नष्ट केले, मग एकट्या सायक्लिनचा आरएनए घातला. तेवढ्यावर चक्र चालू झालं. मग सायक्लिनच्या सुरुवातीचा तुकडा कापून टाकला, ज्यामुळे ते नष्ट होऊ शकत नव्हतं. अर्क विभाजनाच्या अवस्थेत अडकून पडला. पुढे १९९१ मध्ये कळलं की त्या तुकड्यात नाशाची खूण असते आणि सायक्लिनला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी लावून ते मोडीत काढलं जातं.

पण इथे एक बारकावा मॉडेलमध्ये दिसत नाही. १९९३ मध्ये मरे यांच्याच गटाने दाखवलं की न तुटणारं सायक्लिन असलं, तरी भगिनी क्रोमॅटिड, म्हणजे नक्कल झालेल्या गुणसूत्राच्या दोन प्रती, एकमेकींपासून सुटतात. अडकतं ते त्यानंतरचं: तर्कू (गुणसूत्रं ओढणाऱ्या दोऱ्यांची रचना) मोडणं, आवरण पुन्हा तयार होणं. म्हणजे क्रोमॅटिड सुटण्यासाठी दुसरंच काहीतरी नष्ट व्हावं लागतं. ते सिक्युरिन हे प्रथिन. त्याचा नाश झाला की सेपरेझ हा विकर मोकळा होतो आणि क्रोमॅटिडना बांधून ठेवणाऱ्या कोहेसिनच्या कड्या कापतो. व्हिएन्नामध्ये किम नॅस्मिथ यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक उलमान यांनी १९९९ मध्ये ही काप दाखवली. एकच विघटक यंत्रणा, एपीसी, सिक्युरिन आणि सायक्लिन दोघांना मोडीत काढते. पश्चावस्था एका नाशाची, अंत्यावस्था दुसऱ्याची.

२८ जानेवारी

सायक्लिन बनण्याचा दर बदलून बघितला. दर निम्मा केला तर फेरी जवळजवळ दुप्पट लांबते. ०.००४ वर आणला तर कायनेज कधीच उसळत नाही. कारण सोपं: मंद नाशाशी समतोल साधून सायक्लिन ०.४ च्या आसपास थबकतं, उंबरठा ०.५ वर. पेशी मेलेली नाही, विकर सगळे जागेवर आहेत, पण ती विभाजनाच्या दाराशी उभी राहते.

४ फेब्रुवारी

आज सदाफुली आणि कळलावी. आपल्याकडे अंगणात, कुंपणावर दिसणारी सदाफुली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं देते. पावसाळ्यात झुडपांवर चढणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. दोन्हींचा मारा एकाच ठिकाणी, सूक्ष्मनलिकांवर, म्हणजे तर्कूच्या दोऱ्यांवर. तर्कू उभा राहत नाही, गुणसूत्रांना दोऱ्या मिळत नाहीत, आणि पेशी मध्यावस्थेच्या आधी अडकते. कोल्चिसिन दिलेल्या कांद्याच्या मुळात आकसलेल्या गुणसूत्रांच्या पेशी भराभर दिसतात, त्या यामुळेच.

पण दोऱ्या नाहीत हे कायनेजला कसं कळतं? ज्या गुणसूत्राला दोरी मिळालेली नाही, त्याच्या कायनेटोकोरवर (दोरी जिथे जोडली जाते त्या जागेवर) मॅड-टू हे प्रथिन आणि त्याच्या सोबत्यांचं एक संकुल तयार होतं, आणि ते एपीसीला धरून ठेवतं. कॉनली रीडर यांनी १९९५ मध्ये पेशीत शेवटचं एकटं उरलेलं, न जोडलेलं कायनेटोकोर लेझरने जाळलं. त्यानंतर थोड्याच वेळात पेशी पश्चावस्थेत गेली. एका कायनेटोकोरच्या इशाऱ्यावर सगळी पेशी थांबून होती. मला पेशीशास्त्रातला याहून सुंदर प्रयोग माहीत नाही.

मॉडेलमध्ये हे बसवायला विघटक सक्रिय होण्याचा कमाल वेग १ वरून ०.४ केला. उलट दिशेचा वेग ०.५ असल्याने, कायनेज पूर्ण चढला तरी विघटक उठत नाही. आलेखात कायनेज वर जाऊन तिथेच थांबतो. वेग पुन्हा १ केला की काही मिनिटांत सगळं उलगडतं. खऱ्या पेशीत मात्र ही अडवणूक कायमची नसते. सायक्लिन थोडं थोडं झिरपत तुटत राहतं, आणि तासन्‌तास अडकलेली पेशी कधी कधी न विभागताच बाहेर निसटते. कर्करोगाच्या पेशी औषधाला दाद देत नाहीत त्याचं हे एक कारण आहे. मॉडेलमधली पेशी निसटत नाही. फलकावर तसं लिहिणार.

१० फेब्रुवारी

अकरावीच्या मुलामुलींना बोलावून पडद्यावरच्या, आकडे बदलायच्या पट्ट्या सरकवायला दिल्या. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग पट्टी हलवायची.

‘सायक्लिन नष्टच झालं नाही तर?’ यावर बहुतेकांनी लिहिलं: पेशी भराभर विभागत राहील. सायक्लिन विभाजन घडवतं, मग जास्त सायक्लिन म्हणजे जास्त विभाजन. कायनेजची रेघ वर जाऊन अडकली तेव्हा वर्गात शांतता. मग एका मुलीने विचारलं, “ताई, म्हणजे विभाजन संपवायला पण काम करावं लागतं?” हो. कायनेज चढवण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. नवी फेरी सुरू व्हायची तर जुनी पूर्ण उतरावी लागते. डीएनएची नक्कल एका फेरीत एकदाच होते, त्यामागेही हेच: नकलेच्या जागांना परवाना मिळतो कायनेज खाली असताना, आणि नक्कल सुरू होते तो चढल्यावर. दोन्ही एकाच वेळी शक्य नसतं.

दुसऱ्या एका मुलाला आलेखावर अवस्थांची नावं हवी होती. रास्त मागणी आहे.

१७ फेब्रुवारी

नावं लावली. कायनेजची चढती बाजू: पूर्वावस्था. तो कंडेन्सिन या प्रथिनावर फॉस्फेट चढवतो, गुणसूत्रं आकसतात. लॅमिनवर चढवतो, केंद्रकाच्या आवरणाची आतली जाळी सुटते. वरचा माथा: मध्यावस्था. विघटक उसळतो तिथे पश्चावस्था. कायनेजची उतरण: अंत्यावस्था. उतरणीत फक्त कायनेज थांबून भागत नाही. त्याने चिकटवलेले फॉस्फेट काढायला पीपी-टूए सारखे फॉस्फटेझ लागतात. विभाजन चालू असताना ग्रेटवॉल या दुसऱ्या कायनेजच्या मार्गाने पीपी-टूएला दाबून ठेवलेलं असतं, म्हणजे एक हात लिहितो तेव्हा दुसरा पुसत नाही.

संध्याकाळी धन फीडबॅक, म्हणजे परिणामाने स्वतःच्याच कारणाला बळ देणं, घातला. खऱ्या पेशीत सीडीके-वन सक्रिय झाला की तो सीडीसी-ट्वेंटीफाइव्हला आणखी चालना देतो आणि वी-वनला दाबतो. मासुईंच्या प्रयोगात हे दडलेलं होतं: टोचलेल्या पेशीतला द्रव पुढच्या पेशीत, तिच्यातला त्याच्या पुढच्या, असं करत गेलं तरी परिणाम विरळ होत नव्हता. मी कायनेज सक्रिय होण्याच्या वेगाला (०.७ अधिक ०.३ गुणिले कायनेज) असा गुणक लावला. आता कायनेज चालू व्हायला सायक्लिन ०.९ च्या आसपास लागतं, आणि बंद व्हायला ते ०.६ च्याही खाली यावं लागतं. चढण्याची आणि उतरण्याची पातळी वेगळी. त्यामुळे उंबरठ्यावर सायक्लिन जरा इकडेतिकडे झालं तरी पेशी मागेपुढे करत नाही. फेरी जवळपास दुप्पट लांबली, आणि कायनेजचा माथा पूर्ण आणि खडा झाला. जॉन टायसन आणि बेला नोव्हाक यांनी १९९३ मध्ये गणिताने हे भाकीत केलं होतं. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, दोन वेगवेगळ्या गटांनी बेडकाच्या अर्कात ते मोजून दाखवलं.

२४ फेब्रुवारी

विज्ञान दिनासाठी फलक छापायला दिला. दोन्ही मॉडेल्स, साधं आणि धन फीडबॅकचं, एकाच पडद्यावर शेजारी शेजारी चालतात. राव यांचं नाव मोठ्या अक्षरांत आहे.

पुढचं काम: जी-वन, म्हणजे विभाजन संपल्यापासून डीएनएची नक्कल सुरू होईपर्यंतचा टप्पा. बेडकाच्या भ्रूणात तो टप्पाच नसतो, म्हणून हे मॉडेल इतकं आटोपशीर राहतं. आपल्या शरीरातल्या पेशी मात्र तिथेच सर्वाधिक थांबतात. सायक्लिन-डी सोबतचे सीडीके-फोर आणि सिक्स आरबी प्रथिनावर फॉस्फेट चढवतात, त्याने धरून ठेवलेला, जनुकं चालू करणारा ईटूएफ सुटतो, सायक्लिन-ई तयार होतं आणि सीडीके-टू नक्कल सुरू करतो. पी-सिक्स्टीन हे प्रथिन म्हणजे या दाराचा अडसर. अनेक कर्करोगांत तो हरवलेला असतो. सीडीके-फोर आणि सिक्सला रोखणारं पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी मंजूर झालं. आरबी आणि ईटूएफ यांची दोन समीकरणं या आठवड्यात लिहायला घेते. आरबी काढून टाकल्यावर पाल्बोसिक्लिबच्या पट्टीचा आलेखावर काहीच परिणाम होता कामा नये, ही त्यांची पहिली चाचणी.